डाव्या घडीच्या पुड्या

६ मे

ताई,

तुझा पत्ता आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी फार मागे लागले तेव्हा दिला.

बाबा गेले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. आत्याने तुला कळवलं असेलच, पण घरातून कुणीतरी लिहायला हवं आणि आई लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. सगळं नीट पार पडलं. ऑफिसमधले बरेच लोक आले होते. पाणी तापवणारे केटलीकाका दारात चपला लावत बसले होते. त्यांना आत या म्हटलं तर म्हणाले, "मी इथेच बरा."

तू येणार आहेस का, असं आईने विचारलंय. खरं तर तिने असं विचारलं नाही. ती म्हणाली, "मोठी चादर धुऊन ठेवते, लागली तर लागली." आईचं बोलणं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी होस्टेलवर परत आले आहे. प्रॅक्टिकल आहेत. मी काय शिकते ते तुला माहीत आहे की नाही, कोण जाणे. मी दात बनवायला शिकते. डॉक्टर होणार नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून कवळी आणि खोटे दात तयार करणारी माणसं असतात, त्यातली होणार आहे. दिवसभर मेण, प्लास्टर आणि कोरायची हत्यारं. बोलावं फार कमी लागतं, ते मला बरं पडतं.

एक गोष्ट कुणाशी तरी बोलायची आहे. बाबा मला इथे चहाच्या पुड्या पाठवायचे. दर वेळी वेगळा चहा. आता माझ्याकडे शेवटची पुडी उरली आहे आणि तिच्यात एक चमचाभर पत्ती आहे. ती प्यावी की ठेवावी, ते कळत नाही. आईला विचारलं असतं तर ती रडली असती. रूममेट म्हणते, पिऊन टाक, खराब होईल.

तू चहाच्या कामात होतीस, म्हणून तुला विचारते. चहा किती दिवस टिकतो?

धाकटी

१७ मे

ताई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. पत्र पोचायलाही वेळ लागत असेल.

मागच्या पत्रात मी चहाचं लिहिलं ते अर्धवट राहिलं. तू घरातून गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे तुला माझ्याबद्दल जे आठवत असेल त्यात चहा नसणारच. आपल्या घरी कुणी चहा पीतच नसे. बाबा दिवसभर ऑफिसात कपांच्या रांगेसमोर उभे राहून चहा चाखायचे, थुंकायचे, आणि घरी आले की म्हणायचे, "दुकान घरात नको." शाळेत मैत्रिणींना सांगितलं की माझे बाबा चहा चाखतात आणि आमच्या घरी चहा होत नाही, तर त्यांना ती थाप वाटायची.

मी पहिला चहा इथे कँटीनमध्ये प्यायले. गोड, दाट, जीभ भाजणारा. मला तोही आवडला. मग दुसऱ्या महिन्यात एक पाकीट आलं. टाइप केलेला पत्ता, आत चिठ्ठी नाही, नुसती कागदाची एक चौकोनी पुडी. ऑफिसात नमुने बांधतात तशी. मी लगेच घरी फोन लावला आणि म्हटलं, "बाबा, पुडी मिळाली." त्यांनी कागदाची घडी कशी आहे वगैरे काहीतरी विचारलं. मला वाटलं, माल नीट पोचला की नाही ते बघतायत. मग म्हणाले, "आज पी, आणि मला सांग."

तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवायच्या आधी मी चहा करायचे आणि त्यांना फोन करायचे. माझ्याकडे एक लहान विजेची किटली आहे आणि लॅबमधून बाद झालेला काचेचा पेला. आधी पेला रिकामा असतानाच गरम पाण्याने विसळायचा, हे त्यांनीच शिकवलं. मग पत्ती, मग पाणी, आणि मग काही करायचं नाही, नुसतं बघायचं.

ताई, तुला यात नवीन काही नाही. मला मात्र अजून विश्वास बसत नाही. एका पुडीत काळपट हिरव्या गोळ्या होत्या, मिऱ्यांएवढ्या. पाणी पडल्यावर त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग एकेक उलगडायला लागली आणि प्रत्येकीतून देठासकट अख्खं पान बाहेर आलं. कडेचे बारीक दातेसुद्धा शाबूत. कुणीतरी ते पान वळून वळून त्या गोळीत बसवलं होतं आणि ते माझ्या पेल्यात येऊन सरळ झालं. मी अभ्यासाचं पुस्तक उघडं टाकून तो पेला संपूर्ण गार होईपर्यंत बघत बसले होते. प्यायचं राहूनच गेलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "गारही चाखून बघ. गार झालेला चहा काही लपवत नाही."

एक चहा जळक्या दोरखंडासारखा होता, पण तिसऱ्या घोटाला आवडायला लागला. एक अगदी फिका, पाणीच म्हणावं असा, आणि प्यायल्यावर थोड्या वेळाने घशात गोडी उगवायची. कुठून यायची कोण जाणे. एक दाबून वडी केलेला, जुन्या कपाटाचा वास असलेला. त्याला मी नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या मला त्याचीच आठवण येत राहिली.

बाबा फार प्रश्न विचारायचे. जिभेवर कुठे लागतो? टोकाला की कडेला? गिळल्यावर काय उरतं? काय आठवलं?

मी म्हणायचे, "बाबा, ओल्या खडूसारखा लागतोय."

"नवा खडू की वापरलेला?"

"खडू तो खडू!"

"असं कसं? पुन्हा एक घोट घे."

मी घ्यायचे आणि खरंच सांगता यायचं. वापरलेला. फळ्यावरून पुसल्यानंतरचा. आपल्या तोंडात एवढं सगळं असतं, हे मला दात शिकायला येऊनही कुणी सांगितलं नव्हतं.

रूममेट म्हणायची, "तू चहा पितेस का पंचनामा करतेस?" आणि आमच्या मॅडम वेगळ्याच. दातांचा रंग जुळवायला आमच्याकडे एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत खोटे दात लावलेली. मॅडमनी ती माझ्या तोंडाशी धरली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "ही मुलगी दर महिन्याला एक घर खाली उतरतेय."

पुढे पुढे मात्र बाबांचं लक्ष लागत नसे. शेवटच्या पुडीच्या वेळी मी सगळं सांगितलं, तर भर उकाड्यात मला विचारतात, "स्वेटर आहे ना?" मी म्हटलं, "बाबा, इथे पंखा पुरत नाही आणि स्वेटर काय?" तर म्हणाले, "हं. असू दे."

हे आईला सांगितलेलं नाही.

धाकटी

२ जून

ताई,

आज होस्टेलच्या बाईंनी खालून हाक मारली, "तुझं पाकीट!" मी गेले आणि जिन्यातच बसले.

टाइप केलेला पत्ता. आत चिठ्ठी नाही. एक पुडी.

आधी वाटलं, बाबांनी जाण्याआधी टाकलेलं असेल, वाटेत अडकलं असेल. टपाल कधी कधी महिना महिना लावतं. मग शिक्का बघितला. आजवर मी एकदाही शिक्का बघितला नव्हता. पाकीट आलं की फाडायचं आणि पुडी काढायची, एवढंच. या वेळचा शिक्का स्वच्छ उमटला होता. तारीख मागच्या आठवड्याची होती, आणि गाव तेच होतं, जे आत्याने मला तुझ्या पत्त्यात लिहून दिलं.

रूममेट म्हणाली, "भुताटकी आहे ही." मी म्हटलं, "नाही, माझी बहीण आहे." आणि मग मला हसूच आवरेना, ती घाबरली.

तूच ना? पहिल्यापासून सगळ्या तुझ्याच ना? दोरखंड, खडू, कपाट, त्या गोळ्या? माझा पत्ता तुला आत्यानेच दिला असणार.

मी तुझ्यावर रागावले आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही. एक ओळ लिहायला काय झालं होतं? मी रोज फोनवर "थँक्यू बाबा" म्हणायचे आणि ते "हं" म्हणायचे. कधी "कसलं थँक्यू" म्हणाले नाहीत, कधी "मी नाही पाठवली" म्हणाले नाहीत. मी आपली खूष, की बाबा बोलत नाहीत पण पुडी पाठवतात. मग ते का गप्प बसले? त्यांना वाटलं असेल का, की मीच कुठून तरी विकत आणते आणि त्यांचं मन राखायला त्यांचं नाव घेते? की त्यांनी विचारच केला नाही?

ही नवी पुडी मी अजून उघडली नाही. ठरल्या वेळी किटली लावली, पाणी उकळलं, आणि फोन हातात घेऊन बसले. मग किटली बंद केली.

तू गावं बदलत होतीस का? प्रत्येक चहा वेगळ्या ठिकाणचा होता, एवढं मलाही कळतं. मी खोलीतल्या खोलीत बसून तुझ्या मागोमाग फिरत होते आणि मला पत्ताही नव्हता.

आई तुझी चादर परत धुवायला काढणार आहे, असं कालच्या फोनवर म्हणाली. ती आधीच धुतलेली आहे.

धाकटी

९ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तू अजून ओळी वर चढवत लिहितेस.

तू दोनच वाक्यं लिहिली आहेस. "पुड्या माझ्या आहेत हे त्यांना कळलं होतं का? खोटं लिहू नकोस, मी ते ऐकूनच यायचं की नाही ते ठरवणार आहे."

मला माहीत नाही. हेच खरं उत्तर आहे आणि ते तुला आवडणार नाही. "हो, कळलं होतं" असं लिहून टाकलं असतं तर तू आली असतीस, आणि आईची चादर एकदाची वापरली गेली असती. दोन दिवस मी ते लिहायचं ठरवत होते. पण तू पहिल्याच संध्याकाळी मला दोन प्रश्न विचारशील आणि मी पकडली जाईन.

खोटं लिहू नकोस म्हणालीस म्हणून आधी एक दुरुस्त करते. बाबा झोपेत गेले नाहीत. चार दिवस दवाखान्यात होते. मी तिथेच होते. बोलता येत नव्हतं, गिळायलाही फार कमी देत होते. ओठ सुकायचे. नर्स कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायची आणि तिने तो मलाही फिरवू दिला. दुसऱ्या दिवशी मी घरून थर्मास नेला. तुझी ती शेवटची पुडी, उशिरा गोडी येणारी. मी नर्सला विचारलं, पाण्याऐवजी हे चालेल का. ती म्हणाली, "दोन थेंब. जास्त नको."

मी बोळा त्यांच्या ओठांना लावला. ताई, त्यांनी डोळे मिटलेलेच होते. त्यांनी ओठ पुढे काढले आणि सुर्रकन आत ओढलं. अगदी चहा चाखताना ओढतात तसंच, मोठ्याने. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. नर्स म्हणाली, "अगं बाई, हे काय!" मी म्हटलं, "ते कामावर आहेत."

मी थुंकायचं भांडं तोंडाशी धरलं. पुढे तेच असतं ना. चाखायचं आणि थुंकायचं, जन्मभर तेच केलं त्यांनी. पण ते थुंकले नाहीत. घसा हलला. बाबांनी चहा गिळला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चहा पिताना बघितलं. दोन थेंब.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं मी ते बघायला तिथे होते हेच फार आहे. पण यातून तुझं उत्तर मिळत नाही, हेही मला कळतं.

शनिवारी मी घरी गेले आणि आईला सरळ विचारलं. पुड्यांचं तिला काही माहीत नव्हतं. तीही समजत होती की बाबाच पाठवतात. पण तिने दुसरं सांगितलं. बाबांना वास येत नव्हता. तू गेलीस त्याच्या आधीपासून. त्या मोठ्या तापानंतर गेला तो परत आलाच नाही. तू त्या दिवशी चाखायच्या खोलीत, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर, काय म्हणालीस तेही तिने सांगितलं. त्यांनी एक माल पास केला आणि तू म्हणालीस, "याला धूर लागलाय." आणि मग, "बाबा, तुम्हाला वास येत नाही का?" आणि ते म्हणाले, "बाहेर हो."

मला इतकी वर्षं फक्त एवढंच सांगितलं होतं की तू उलट बोललीस.

आई म्हणाली, "त्यांना म्हणायचं होतं, खोलीबाहेर हो. ती घराबाहेर झाली. दोघांपैकी एकालाही शब्द परत घेता येईना. एका हाडाची माणसं." मग बाबांना चाखायच्या खोलीतून काढून नमुन्यांच्या कपाटावर बसवलं. दिवसभर पुड्या बांधायच्या. मी समजत होते ती बढती होती. आईने तसंच सांगितलं होतं.

म्हणजे संध्याकाळी मी फोनवर जे सांगायचे, तेवढाच चहा त्यांना मिळत होता. आई म्हणाली, माझ्या फोनच्या वेळेला ते धुतलेला शर्ट घालून बसायचे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. केटलीकाकांना विचारून बघते. ते सोमवारी भेटतील.

धाकटी

१५ जून

ताई,

हे पत्र जरा सावकाश वाच. मी सावकाश लिहिते आहे.

सोमवारी मी ऑफिसात गेले. चाखायची खोली मी कधी बघितलीच नव्हती, मला तिथे नेलंच नाही कधी. तू तिथे वाढलीस. मला ती पहिल्यांदा दिसली. ती लांब टेबलं, उजेडाकडची मोठी खिडकी, पांढऱ्या कपांची रांग आणि प्रत्येकाच्या मागे कोरडी पत्ती, पुढे भिजलेली. कुठल्याही दोन कपांत सारखा रंग नव्हता. आमच्या दातांच्या पट्टीवर सोळा रंग आहेत आणि आम्हाला तेच ओळखता ओळखता घाम फुटतो. इथे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडच पातळ होत होत गेल्यासारखा वाटत होता. कुणी बोलत नव्हतं. फक्त सुर्र, सुर्र, आणि थुंकायचं चाकांचं भांडं सरकवल्याचा आवाज. मी दारात उभी राहिले. आत पाय टाकायला मन धजेना.

केटलीकाका अजून पाणी तापवायचंच काम करतात. मला बघून म्हणाले, "ये गं. तू धाकटी ना? तुझी ताई इथे आली की आधी माझी केटली सांडायची. तू शहाणी दिसतेस." मला चहा दिला. म्हणाले, "थुंकायचं असलं तर थुंक, गिळायचं असलं तर गिळ. तुझ्यावर कुणाचा हिशोब नाही."

मी त्यांना पुड्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाबा त्यांच्याशी तुझ्याबद्दल कधी बोलले नव्हते. "नाव काढलं की ते उठून कपाटाशी जायचे," म्हणाले. म्हणजे तिथेही उत्तर नव्हतं. मी निघाले.

निघताना ते म्हणाले, "थांब, आईसाठी थोडी पत्ती देतो. ती पीत नाही, पण घरात असू दे." आणि त्यांनी पुडी बांधली. कागद, पत्ती, एक घडी, दुसरी घडी, कडा आत, आणि शेवटचं टोक उजवीकडे खोचलं.

मी ती पुडी हातात घेतली आणि मला काहीतरी खटकलं. कोरताना मला तसं खटकतं, डावीकडची दाढ उजवीकडे लावली की. सगळं बरोबर असतं आणि तरी चूक असतं. माझ्या पिशवीत तुझी नवी पुडी होती, न उघडलेली. मी ती काढून दोन्ही शेजारी ठेवल्या.

तुझ्या पुडीचं टोक डावीकडे होतं.

केटलीकाकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि असे हसले की चाखणारे सगळे वळून बघायला लागले. "अरे, ही तर मोठीची घडी! इथल्या सगळ्यांची घडी उजवी. तुझ्या बाबांची, माझी, सगळ्यांची. ती एवढीशी होती तेव्हा त्यांच्या टेबलासमोर, पलीकडच्या बाजूला, उंच स्टुलावर बसायची आणि त्यांचं बघून बघून करायची. समोरून शिकली, त्यामुळे तिची सगळी उलटी झाली, आरशातल्यासारखी. मी एकदा सुधारायला गेलो. तुझे बाबा म्हणाले, 'राहू दे. त्यामुळे तिची कुठली ते मला कळतं.'"

ताई, मग मला पहिला फोन आठवला. मी तुला लिहिलं होतं, घडी कशी आहे वगैरे काहीतरी विचारलं. वगैरे नाही. आता सगळा आठवला, तो असा होता.

मी म्हटलं, "बाबा, पुडी मिळाली."

ते म्हणाले, "कसली पुडी?"

"चहाची. तुम्ही पाठवलेली."

मग म्हणाले, "कागदाचं शेवटचं टोक कुठल्या बाजूला खोचलंय?"

"डावीकडे."

"नीट बघ. पुडी सरळ धरलीस का?"

"सरळच आहे हो. डावीकडेच आहे."

मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा "बाबा, बाबा" म्हटलं. मग म्हणाले, "बरं. आज पी, आणि मला सांग."

पुढच्या प्रत्येक पुडीला त्यांनी तेच विचारलं. टोक कुठे आहे? मी म्हणायचे, डावीकडे. कंटाळून म्हणायचे. एकदा तर म्हटलं, "बाबा, डावीकडेच असणार ना, तुम्हीच बांधलीय," आणि ते म्हणाले, "हं."

त्यांना कळलं होतं. पहिल्या दिवसापासून. माझं "थँक्यू" त्यांनी अडवलं नाही, कारण अडवलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मग कदाचित पुड्या थांबल्या असत्या. हे शेवटचं मला वाटतं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. बाकीचं मी ऐकलेलं आहे.

ते मला एवढे प्रश्न का विचारायचे, तेही आता कळतंय. गोळ्यांचा चहा आला तेव्हा म्हणाले होते, "हे हाताने वळतात. गावात सगळी बायामाणसं बसतात वळायला. सोबत असते." जळक्या दोरखंडाला म्हणाले, "लाकडाच्या धुरावर वाळवलेलं आहे. डोळे चुरचुरत असतील." मी समजत होते ते मला चहाची माहिती देतायत. कुणाचे डोळे, ते मी विचारलंच नाही. त्यांना वास येत नव्हता, त्यांनी ती गावं बघितली नव्हती, आणि माझ्या अर्ध्या कच्च्या बोलण्यावरून, खडूवरून आणि कपाटावरून, ते तू कुठे आहेस ते शोधून काढत होते. रोज, शर्ट बदलून. माझ्याच तोंडातून हे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हे कितीही वेळा लिहिलं तरी मला पुरं पडत नाही.

आज मी तुझी नवी पुडी उघडली. ठरलेल्या वेळी. पेला विसळला, पत्ती घातली, पाणी थोडं थांबून ओतलं आणि बघत बसले. ही त्याच बागेतली असावी, जिचा चहा त्यांनी गिळला. गोडी आली. उशिरा, नेहमीसारखी, मी वाट बघायची सोडल्यावर. मी फोन हातात घेतला नाही. तरी मनात सांगितलं. टोक डावीकडे आहे. कडेला लागतो. गिळल्यावर उरतं.

आणि त्या गोडीबरोबर शेवटचा फोन आठवला. मी तेव्हा त्यांना हेच सांगत होते, की चव आधी काहीच नाही, मग घशात गोडी, पानं बारीक, वर पांढरी लव आहे. ते ऐकत होते. म्हणाले, "फार उंचावरचं आहे. एवढ्या वर सकाळी पानांवर बर्फ असतं. खुडायला पहाटे जावं लागतं." मग म्हणाले, "थंडी फार असेल. स्वेटर आहे ना?"

मी म्हटलं, इथे पंखा पुरत नाही.

ताई, ते मला विचारत नव्हते. मी तुला लिहिलं की त्यांचं लक्ष लागत नसे. तेव्हाच त्यांचं सगळं लक्ष होतं.

त्यांना उत्तर द्यायचं माझ्या हातून राहिलं, कारण ते माझ्याकडे नव्हतंच. आईने चादर घातली आहे. ये, आणि येताना तो स्वेटर घालून ये. इथे उकडलं तरी चालेल.

तुझी,
धाकटी